मागच्या सीटचे मार्क

वडिलांच्या कारखान्यातलं खातं बंद झालं. ठेकेदाराने "उद्यापासून येऊ नका" एवढंच सांगितलं, आणि आमच्या घरात जेवताना बोलणं कमी झालं. आई दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला, कापणीला जायची आणि मधल्या दिवसांत मिळेल ते काम करायची. गांधारी नदीचं पाणी चढलं त्या वर्षी घराची मागची भिंत बसली, तिथे ताडपत्री लावून आम्ही पावसाळे काढले. अशा घरातून मी महाडच्या कॉलेजात जाऊन बी.कॉम. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते आणि न विचारता सांगते. निकाल लागला तेव्हा वडिलांनी विहारात पेढे वाटले आणि भेटेल त्याला सांगितलं की मुलगी आता ऑफिसात बसणार. कुठल्या ऑफिसात, ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

ऑफिस निघालं ते महामार्गालगतचं बॅटरीवरच्या स्कूटरींचं शोरूम. काम असं, की ज्यांनी नवीन गाडी घेतली त्यांना फोन करायचा, गाडीवर समाधानी आहात का विचारायचं आणि शून्य ते दहातले किती मार्क द्याल ते लिहून कंपनीला पाठवायचं. नोकरी कच्ची होती. कंपनीने शोरूमच्या मालकांना, म्हणजे शेठना, सांगून ठेवलं होतं, की शोरूमचे मार्क नवाच्या वर राहिले तर ही जागा कायम होईल, नाहीतर बंद. घरात दुसरा पगार नव्हता, म्हणून ते वाक्य मी तोंडपाठ केलं होतं.

पहिल्या दिवशी मी गेले तर माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत एक बाई आधीच बसलेल्या. शेठ जरा ओशाळून म्हणाले, "या आमच्या आत्या. कस्टमरचं सगळं याच बघतात. म्हणजे, यांनीच ठरवलंय की याच बघणार."

त्या शेठच्या सख्ख्या आत्या. पोलादपूरकडच्या, जमीनजुमलेवाल्या घरातल्या. त्यांना सगळे आत्याच म्हणायचे, पाण्याचे कॅन टाकायला येणारा माणूससुद्धा. अंगावर वायलची साडी, साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि हातात बाराही महिने छत्री. आयुष्यभर त्यांनी हौसेने लोकांची लग्नं जमवली होती. पण हल्ली मुलं-मुली आपापलं जमवायला लागली, आणि आत्या रिकाम्या झाल्या. भाच्याने शोरूम टाकलं तेव्हा त्या उद्घाटनाला आल्या त्या परत गेल्याच नाहीत.

"कुठली गो तू?" त्यांनी मला विचारलं.

"नाते गावची."

"नात्यात कुठं?"

हा दुसरा प्रश्न मला लहानपणापासून माहीत आहे. तो कशासाठी असतो तेही माहीत आहे. मी सरळ सांगितलं, "बौद्धवाडीतली."

"हे बरं झालं," आत्या म्हणाल्या.

माझा चेहरा बघून त्यांनी छत्री टेबलावर आपटली. "अगो, आमच्या भावकीत मी गेले की सगळे गोड बोलतात. अर्ध्यांची लग्नं मी जमवलीत, मला खरं कोण सांगणार? तिथं तू विचार. तुझ्या वाडीत मी विचारीन. ओळखीच्या माणसाला कोण खरं सांगत नाय."

ते ऐकून मला टोचलं की पटलं, हे आजही ठरवता येत नाही. पण पुढे तसंच निघालं.

आत्यांना शोरूमच्या कागदी कपातला चहा चालायचा नाही. पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला असायचा. एकदा आमच्या वाडीत आल्या, तेव्हा आमच्या घरी आईने चहा ठेवला आणि आत्यांनी सवयीने पिशवीतून पेला काढला. आईचा हात जागच्या जागी थांबला. मी म्हणाले, "आत्या, आमच्याकडे कप आहेत."

आत्यांनी पेल्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. कान लाल झाले त्यांचे. पेला पिशवीत गेला. मग आमच्या कपातून चहा प्यायल्या, आणखी मागून घेतला आणि वर म्हणाल्या, "साखर कमी घालता गो तुम्ही." त्यावर आई म्हणाली, "महाग हाय." त्यानंतर दोघींचं चांगलं जमलं.

आता फोनचं सांगते. पहिल्या आठवड्यातच मी एका घरी फोन लावला. एका आजींनी उचलला.

"हॅलो, मी शोरूममधून बोलते."

"दहा."

"आजी, मी अजून काही विचारलंच नाही."

"दहा. मुलग्याने सांगितलाय, महाडवरून फोन आला की दहा बोलायचं आणि ठेवायचा." आणि ठेवला.

झालं होतं असं, की किल्ली देताना आमची सेल्सची मुलं गिऱ्हाइकाच्या कानात सांगायची, "कंपनीचा फोन येईल. दहाच सांगा, नाहीतर अडचण होईल." अडचण आमची होणार होती. लोकांना वाटायचं, त्यांची होणार. एकाने मला दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, नऊ दिले तर वॉरंटी काढून घेतात काय?" दुसऱ्याने अख्ख्या घराकडून तालीम करून घेतली होती, शाळेतल्या नातवासकट. त्यामुळे महाड आणि पोलादपूर, दोन्ही तालुक्यांत आमचं गिऱ्हाईक शंभर टक्के सुखी होतं. एरिया मॅनेजर साहेब पुण्याहून फोन करून शेठचं अभिनंदन करायचे.

आत्यांचा त्या दहावर काडीचा विश्वास नव्हता. "नव्या नवरीला सासूने दहापैकी दहा दिले, तर समजायचं घरात काहीतरी झालंय," त्या म्हणायच्या. त्यांनी फोनवरून विचारणं बंद केलं आणि मला शोरूमची गाडी काढायला लावली.

मी चालवायची, त्या मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या. गाडी चालवायला त्या कधी शिकल्या नाहीत आणि शिकायची इच्छाही नव्हती. वळायचं असलं की त्या बाजूच्या खांद्यावर छत्रीची टोचणी. घरी पोचलं की आधी मालकाशी गप्पा. मालक गाडीचं कौतुक सांगायचा, आत्या मान डोलवायच्या. एवढ्या मोठ्या निर्णयासाठी त्याने घरच्यांशी, शेजाऱ्यांशी भांडण काढलेलं असायचं, आता तो गाडीला नावं ठेवणार कसा? मग आत्या म्हणायच्या, "जरा पाणी घेते," आणि सरळ आत. खरा सर्व्हे आत व्हायचा.

"पुढं बसतो त्याला रस्ता दिसतो," त्या मला समजावायच्या. "मागं बसते तिला गाडी कळते. संसार कसा चाललाय हे नवऱ्याला विचारून कधी कळलंय कोणाला?"

आत काय काय कळायचं! कोणी म्हणायची, "पुढं सिलिंडर ठेवला की हे पाय फाकवून बसतात नि मी शेपटीवर." कोणी म्हणायची, "आवाजच नाय गाडीला. हे कधी घरी येतात कळत नाय, आमची टीव्ही बघायची पंचाईत." सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आत्या गुडघे शेकायला जायच्या, त्या जागेला त्या 'माझं ऑफिस' म्हणायच्या. पदर खोचून पाण्यात पाय सोडून बसायच्या आणि आसपासच्या बायकांना एकेकीला हाक मारायच्या. मी कुंडाच्या कडेला मार्क भरायचा टॅब सांभाळत बसायचे. गरम पाण्यात पाय असताना कोणी खोटं बोलत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता.

सगळेच सिद्धांत खरे होते असं नाही. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर ओलं गोणपाट टाकलं की ती थंड राहते, असं त्यांनी बिरवाडीच्या एका गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगितलं. आमच्या मेकॅनिकला कळलं तेव्हा तो जेवण टाकून पळत सुटला. परत येऊन म्हणाला, "आत्या, माणूस मेला असता!" आत्या म्हणाल्या, "मेला नाय ना? मग ओरडतोस कशाला? सांगायचं होतं आधी." त्यांना चूक दाखवली की त्या समोरच्याचीच चूक काढायच्या. शिवाय जुनी खोड गेली नव्हती. सर्व्हेहून येताना टॅबमध्ये मार्क असायचे आणि त्यांच्या पिशवीत कोणाच्या तरी मुलीचा बायोडेटा. "मुलगा चांगला हाय, घरी चार्जिंगची गाडी हाय," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बॅटरीच्या जाहिरातीला वापरता आलं असतं.

आता कुडपण गावाचं सांगते. वरच्या पठारावर आमच्या बऱ्याच गाड्या गेल्या होत्या आणि सगळीकडून दहाच आले होते. आत्या म्हणाल्या, "चल, बघून येऊ सुखी माणसं." घाट सुरू झाला. एका वळणावर बघते तर आमच्याच शोरूमच्या गाड्या ओळीने उभ्या, आणि कठड्यावर त्यांचे मालक तंबाखू मळत बसलेले. थोडं पुढे गेलो तर आमच्या गाडीनेही दम टाकला. चढाला दोन माणसं घेऊन मोटर तापली, स्क्रीनवर लाल खूण आली आणि वेग पायी चालल्यासारखा झाला. आत्या उतरल्या. मला एकटीला घेऊन गाडी मुकाट्याने चालायला लागली. मी वरच्या वळणावर जाऊन थांबले. तिथेही दोन मालक होते.

"काय तक्रार?" मी विचारलं.

"काय पण तक्रार नाय मॅडम. मस्त गाडी. फक्त तिला जरा विसावा द्यायला लागतो."

"आणि तुमच्या मिसेस?"

"ती येते ना खालून."

तेवढ्यात झाडीतून हसण्याचा आवाज आला. आत्या आणि त्यांच्याबरोबर चार-पाच बायका, कोणाच्या डोक्यावर रेशन, कोणाच्या कडेवर पोर, रस्त्याने न येता सरळ डोंगरातून वर निघाल्या. दोन वळणांच्या मधून पायवाट पडली होती. गाड्या आल्यापासून मागे बसणाऱ्या बायकांनीच ती पाडली होती! आत्यांना धाप लागली होती, पण चेहरा लग्न जमल्यासारखा फुलला होता.

त्यांच्यात एक अंगणवाडीतल्या मदतनीस होत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, गाडी वाईट नाय. पण पावसात बंद पडली तर टेम्पोत घालून महाडला न्यायला लागते. पोलादपुरात बघणारा कोण नाय. तुम्ही लिवा. माझं नाव नका सांगू ह्यांना, नाराज होतील."

कंपनीला मी हे आधी विचारलं होतं. पोलादपुरात सर्व्हिस सेंटर का नाही? उत्तर आलं होतं, की त्या भागातून एकही तक्रार नाही, ग्राहक पूर्ण समाधानी आहेत, गरज नाही.

फॉर्मात चौकट एकच होती, 'वाहन वापरणाऱ्याचे मत'. आत्या म्हणाल्या, "मागं बसणारी काय गाडी वापरत नाय?" त्या महिन्यात मी मागच्या सीटचे मार्क भरले. तीन, चार, दोन, पाच. एकीने शून्य दिला, पण ती नवऱ्यावर चिडलेली होती असं आत्यांचं मत पडलं, म्हणून तिला परत जाऊन विचारलं. तिने एक दिला.

शेठना पुण्याहून फोन आला आणि ते टेबलाशी येऊन उभे राहिले.

"आत्या, तू माझं शोरूम बुडवणार!"

"शोरूम पुराच्या पाण्यात बुडतं रे. मार्कांनी नाय."

शेठ मग माझ्याकडे वळले. माणूस वाईट नव्हते. हळूच म्हणाले, "तुझी नोकरी कच्ची आहे. साहेब स्वतः येतायत. हे मार्क कॅन्सल कर, फोन लावून दहा घे, मी साहेबांना सांगतो टॅबमध्ये गडबड झाली. तुझी कायमची ऑर्डर त्यांच्या सहीवर आहे."

घरी सांगितलं. काम जातं म्हणजे काय होतं, हे वडिलांना कोणी सांगायची गरज नव्हती. आई भाकरी थापत म्हणाली, "तुला बघून लिवायलाच ठेवलाय ना? मग बघितलंस ते लिवलंस. आता काय खोडतेस?" मला ती नोकरी पाहिजे होती. फार पाहिजे होती. तरी मी मार्क तसेच ठेवले, आणि साहेब येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही.

साहेब आले. तरुण होते, गोरेगोमटे, पायात चकाकते बूट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "एका महिन्यात इतकी घसरण? कोणी भरला हा डेटा?"

"मी," मी म्हणाले. "आणि बरोबर आहे तो."

शेठनी डोळे मिटले. साहेब काही बोलणार तेवढ्यात आत्यांनी स्टीलच्या पेल्यात त्यांना चहा ओतून दिला. हा मान त्यांनी कोणाला दिलेला मी पाहिला नव्हता.

"साहेब, लग्न झालंय?"

"नाही... का?"

"ते नंतर बघू. तुम्ही गाडी चालवून बघितलीत?"

"कितीतरी वेळा."

"मागं बसून?"

साहेब हसले. "मागे बसून कशाला?"

"मग आज बसा. पोरीने खोटं लिहिलं असेल तर तिला घरी पाठवा, आणि तिच्यासोबत मलाही. नसेल लिहिलं तर तसं सांगा."

कुडपणचे एक किराणा दुकानदार त्या दिवशी माल न्यायला महाडला आले होते. आमच्या गाडीचे सगळ्यात मोठे भक्त. साहेबांना मागे घेऊन जायचं म्हटल्यावर त्यांनी गाडी पुसून घेतली. आम्ही तिघं शेठच्या कारने मागे निघालो. पोलादपूरपर्यंत साहेब मजेत होते, हात हलवून दाखवत होते. घाट लागला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला गाडी मंदावली. आणि दुकानदारांनी, जे ते रोज बायकोला म्हणत असणार, त्याच सुरात म्हटलं, "साहेब, जरा उतरता? मी वरच्या वळणाला थांबतो." उत्तराची वाट न बघता ते गेलेसुद्धा.

साहेब रस्त्यात उभे. बॅग खांद्यावर. शेठनी घाईघाईने कारचं दार उघडायला घेतलं, आत्यांनी छत्रीने त्यांचा हात दाबून धरला. "बस रे गप. चालू दे त्यांना."

साहेब चालायला लागले. मागून दोन बायका आल्या. एकीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पहिल्यांदाच काय सायब?"

"हो."

"बूट काढा, घसरतील. नि रस्त्यानं नका जाव, लांब पडेल. ह्या वाटेनं या. आमचीच हाय."

आणि आमच्या कंपनीचे एरिया मॅनेजर, हातात बूट, पायमोज्यांवर, त्या बायकांच्या मागोमाग डोंगरात शिरले. आम्ही कारने वर जाऊन थांबलो. शेठचा घाम काचेतून दिसेल इतका होता. माझाही वेगळा नव्हता.

साहेब वर आले तेव्हा शर्ट भिजलेला, केसांत वाळका पाला. दुकानदार गाडीच्या आरशावरची धूळ पुसत होते. साहेबांना बघून उत्साहाने म्हणाले, "काय तक्रार नाय बघा साहेब. आपले दहापैकी दहा!"

साहेब कठड्यावर बसले. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते थांबेना.

"आणि तुमचे किती?" आत्यांनी विचारलं.

"चार," साहेब म्हणाले. "त्यातले दोन पायवाटेला."

मी टॅब पुढे केला. त्यांनी स्वतःच्या बोटाने चार भरले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही जे पाठवलंय ते काढायचं नाही. असंच पाठवत राहा."

पुढे कंपनीचा इंजिनिअर आला. तो आल्या आल्या आत्यांनी त्यालाही मागे बसवलं. चढाच्या गावांतल्या गाड्यांचा एक भाग बदलून मिळाला. आता दोघं बसून वर जातात. पोतं असेल तर अजून उतरावं लागतं, ते मी लपवणार नाही. फॉर्मात दुसरी चौकट आली, 'मागे बसणाऱ्याचे मत'. किल्ली देताना कानात सांगणं बंद झालं. आता लोक मोकळेपणी शिव्या देतात, आणि मी त्या नीट मराठीत बसवून पाठवते.

आत्यांचे गुडघे फारच धरले तेव्हा त्यांची मुलगी त्यांना आपल्या घरी माणगावला घेऊन गेली. जाताना त्यांनी साहेबांसाठी काढून ठेवलेले तीन बायोडेटा माझ्या टेबलावर ठेवले. साहेबांनी त्यातला एकही घेतला नाही. कोल्हापूरची मुलगी त्यांनी स्वतःच बघितली. आत्यांना हे कळल्यावर फोनवर म्हणाल्या, "असू दे. सहा महिन्यांनी जाऊन तिला विचारून येऊ."

साहेबांच्या सहीने माझी नोकरी कायम झाली. पोलादपुरात सर्व्हिस सेंटर उघडलं, आणि त्याची प्रमुख मी आहे.